कर्करोगाचा उपचार आणि कोठ्याची तक्रार



लागणीच्या तारखा, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या हे विषय या पानांवर नेहमीच येतात. आज जो विषय घेत आहोत तो चावडीवर निघत नाही, घरातही दबक्या आवाजात निघतो. कर्करोगाचा उपचार चालू असताना कुणाला दिवसातून दहा वेळा परसाकडला धावावे लागते, तर कुणाला आठ-आठ दिवस होत नाही. कॅन्सरचे नाव माणूस एकदाचे पचवतो. पण "मला संडास धरवत नाही" हे सुनेपुढे किंवा तरुण डॉक्टरपुढे म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. आमचे म्हणणे असे की हे दुखणे पहिल्याच दिवशी सांगावे. न सांगितल्याने चालू उपचार मोडतो, आणि मोडलेला उपचार रोगाच्या पथ्यावर पडतो.

ग्रामीण भागातील कर्करोगाची देशातली पहिली नोंदणी १९८७ साली बार्शीला सुरू झाली. त्या नोंदणीत बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळला. म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. या रोगात ओटीपोटावर बाहेरून किरण देतात. आपल्याकडे त्याला कुणी 'शेक' म्हणते, कुणी 'लाईट'. आठवड्यातले पाच दिवस, असे सुमारे पाच आठवडे हे चालते. जोडीला बहुधा आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन नावाचे औषध सलाईनमधून देतात, आणि पुढे आतून किरण देतात. हे सगळे मिळून आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हावे असा नेम आहे. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की उतारा घटतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तसेच येथे आहे. मध्ये खंड पडला की तेच किरण, तेवढेच किरण, पण गुण कमी.

आता कोठा का बिघडतो ते पाहू. आपल्या आतड्याला आतून जे अस्तर असते ते दर चार-पाच दिवसांनी नवे होते. किरण आणि कर्करोगाची औषधे भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. त्यांना रोगाची पेशी कोणती आणि अस्तराची कोणती हे ओळखता येत नाही. जुने अस्तर झिजते, नवे वेळेवर येत नाही, पाणी शोषले जात नाही आणि ढाळ लागतात. ओटीपोटाच्या शेकात हे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, आणि शेक संपल्यावर काही आठवड्यांत बहुतेकींचे आपोआप ताळ्यावर येते. नेमक्या त्या तिसऱ्या आठवड्यात बाई म्हणते, "मला सोसवत नाही, गावाला नेऊन सोडा." घरचेही म्हणतात, चार दिवस विश्रांती घेऊ दे. डॉक्टरांना सांगितले असते तर दोन रुपयांच्या गोळीने भागले असते. न सांगता गेल्यामुळे शेकाचे आठ दिवस बुडाले.

दुसरी एक गोष्ट बायका हमखास करतात. एस.टी.ने दवाखान्यात जायचे, वाटेत सोय नाही, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. याचे तोटे दोन. ओटीपोटाच्या शेकाला पुष्कळ ठिकाणी मूत्राशय भरून यायला सांगतात. भरलेले मूत्राशय आतड्याला वर ढकलते आणि आतडे किरणांच्या वाटेतून थोडे बाजूला होते. कोरड्या पोटी आलेल्या बाईचे आतडे नेमके किरणांखाली सापडते. शिवाय सिस्प्लॅटिन हे औषध मूत्रपिंडाला जड आहे. त्यात ढाळ, त्यात पाणी नाही, मग मूत्रपिंडाची कोंडी होते आणि औषधच थांबवावे लागते.

ढाळ लागल्यावर पहिले काम मोजणीचे. "लई होतंय" असे सांगून डॉक्टरांना काही कळत नाही. उपचारापूर्वी दिवसाला किती वेळा होत असे आणि आता किती वेळा होते, यातला फरक ते विचारतात. चार वेळांपेक्षा कमी वाढ सौम्य. चार ते सहा वेळा जास्त झाले तर त्याच दिवशी कळवायचे. सात किंवा त्याहून जास्त वाढ म्हणजे दवाखान्यात जायचे. आपण वजनकाट्याची पावती डब्यात जपून ठेवतो, तशी एक वही उशाशी ठेवावी. किती वेळा, पातळ की चिकट, रक्त दिसले का, लघवी किती झाली. लिहिता येत नसेल तर रेघा ओढाव्या.

दुसरे काम पाण्याचे, आणि येथे आपल्या साखरेची गोष्ट निघते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा घातलेले पाणी पिंपे भरभरून लोकांना पाजले. आधी शेकडा तीसच्या घरात असलेले मृत्यू शेकडा चारच्या आत आले. यामागचे कारण साधे आहे. ढाळाच्या आतड्याला नुसते मीठ शोषता येत नाही. साखर शोषताना मात्र ते मिठालाही सोबत ओढून घेते, आणि मिठाच्या मागोमाग पाणी आत जाते. म्हणजे येथे साखर चवीसाठी नसते, ती मिठाची गाडीवान असते.

पण माप चुकले तर हीच साखर घात करते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, यापेक्षा जास्त नाही. हे पाणी अंदाजे तीन टक्के गोड होते. आपल्या पक्व उसाच्या रसाचा ब्रिक्स १८ ते २० भरतो. म्हणजे सहापट दाट! एवढे गोड द्रावण झिजलेल्या आतड्यात गेले की ते पातळ करण्यासाठी शरीरच आपले पाणी आतड्यात सोडते आणि ढाळ वाढतात. "आपल्याच रानातला रस आहे, ताकद येईल" म्हणून आजाऱ्याला रसाचा तांब्या देणारे प्रेमळ लोक आम्ही पाहिले आहेत. ढाळ असताना रस देऊ नये. गुऱ्हाळाचा नको आणि रसवंतीचा बर्फ घातलेला तर मुळीच नको. दवाखान्यातली क्षार-साखरेची पुडी मिळाली तर उत्तमच. तिच्यावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती सबंध घालावी, निम्मी-निम्मी करू नये. खोक्यातली गोड पेये म्हणजे ही पुडी नव्हे. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी किती प्यावे हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

खाण्याचे म्हणाल तर ढाळाच्या दिवसांत तांदळाची पेज, मऊ भात, मुगाचे सैल वरण, पिकले केळे, थोडे-थोडे पाच-सहा वेळा द्यावे. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, कच्चा कांदा, ठेचा हे काही दिवस बाजूला ठेवावे. दूध काहींना त्या काळात पचत नाही, पोटात गुरगुर होते. मग दूध थांबवून पाहावे. भूक नाही म्हणून लंघन घालणे ही जुनी रीत या आजारात चालत नाही. वजन उतरले की उपचार सोसत नाही.

ढाळ थांबवणारी गोळी घ्यावी का? डॉक्टरांनी सांगितली असेल तर त्यांनी सांगितल्या मापाने घ्यावी. शेजारच्याकडची, दुकानातली, स्वतःच्या मनाने घेऊ नये. कारण औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात तेव्हा ढाळ म्हणजे कधी कधी आतला जंतुसंसर्ग असतो. थर्मामीटर घरात असावाच. ढाळाबरोबर १००.४ अंश ताप आला, थंडी वाजली, रक्त पडले, लघवी जवळजवळ बंद झाली, उभे राहताच भोवळ आली, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री दोन वाजता जीप काढावी. रोगी म्हणेल, "कशाला त्रास, उजाडू द्या." ऐकू नये.

केपसायटाबिन नावाच्या गोळ्या घरी घेणाऱ्यांसाठी खास सूचना. आतड्याच्या आणि स्तनाच्या कर्करोगात त्या पुष्कळांना मिळतात. नेहमीपेक्षा चार वेळा जास्त ढाळ झाले किंवा रात्री झोपेतून उठून जावे लागले, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत गोळी थांबवावी. येथे आपला काटकसरी स्वभाव आडवा येतो. पैसे मोजलेत, पाकीट संपवलेच पाहिजे, असे मनात येते. ते पाकीट उरले तरी चालेल.

आता उलट बाजू. मळखडा. हा ढाळाइतका धावपळ करायला लावत नाही म्हणून त्याची दखल घेतली जात नाही, पण त्रास कमी नसतो. दुखण्यावर मॉर्फिन देतात ते आतड्याची चाल मंद करते. मॉर्फिनची मळमळ आणि गुंगी थोड्या दिवसांत सरावते. कोठा धरणे मात्र सरावत नाही, गोळी चालू आहे तोवर ते चालूच राहते. म्हणून मॉर्फिन ज्या दिवशी सुरू होते त्याच दिवशी कोठा साफ करणारी गोळीही सुरू झाली पाहिजे. ती बहुधा सोनामुखीची किंवा तसल्याच औषधाची असते. डॉक्टर लिहायला विसरले तर आपण विचारावे. उलटी थांबवणाऱ्या काही गोळ्या आणि व्हिन्क्रिस्टिनसारखी औषधेही कोठा धरतात. मॉर्फिनमुळे शौचास होत नाही म्हणून मॉर्फिनच बंद करून वेदना सोसत बसणारे लोक आहेत. तसे करण्याचे काही कारण नाही.

घरगुती उपायांबद्दल दोन शब्द. कोमट पाणी, पपई, जमेल तेवढे अंगणात फिरणे हे चांगले. इसबगोल भरपूर पाण्याशिवाय घेतला तर आत लगद्यासारखा बसतो. मॉर्फिन घेणाऱ्याने तो विचारल्याशिवाय घेऊ नये. एरंडेलाचा जुलाब या काळात नको. आणि पांढऱ्या पेशी कमी असताना गुदद्वारातून एनिमा किंवा बत्ती घरी कुणीही देऊ नये. तेथे जरा खरचटले तरी जंतू रक्तात जातात.

एक चकवा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सात-आठ दिवस झालेले नसते, आणि एकदम पातळ पाणी ठिबकू लागते, कपडे खराब होतात. घरचे म्हणतात, जुलाब लागले, आणि थांबवायची गोळी देतात. खरे तर आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ पाझरतो. चारीत दगड अडकल्यावर बाजूने पाणी फुटते तसेच हे. तेथे थांबवायची गोळी म्हणजे दगडावर आणखी माती लोटणे. म्हणून वहीत मागचे आठ दिवस लिहिलेले असले की डॉक्टरांना हे चटकन उमगते. पोट फुगून दगडासारखे झाले, वाराही सरत नाही आणि उलट्या होतात, तर मात्र ते आतडे अडल्याचे लक्षण. तेव्हा तोंडाने काहीही न देता दवाखाना गाठावा.

वस्तीवर राहणाऱ्यांची अडचण वेगळीच. संडास लांब, रात्रीचा अंधार, आणि गुडघ्यात बळ नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीची बैठक गोल कापून खाली भांडे ठेवले की खोलीतच सोय होते. आडोशाला जुने लुगडे पुरते. धुण्यासाठी कोमट पाणी, मग मऊ फडक्याने टिपून घ्यावे, घासू नये. शेकाच्या जागेवर तेल, मलम, तुरटी काही लावायचे असेल तर आधी शेकाच्या खोलीतल्या सिस्टरांना विचारावे. औषधाच्या सलाईननंतर साधारण दोन दिवस औषधाचा अंश मळमूत्रातून बाहेर पडतो, तेव्हा ते उचलणाऱ्या माणसाने रबरी हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. पोटुशी सून असेल तर हे काम दुसऱ्याने करावे. हे काम लेकीसुनांचेच असे समजू नये. नवऱ्याने, मुलाने केले तर रोग्याचा संकोचही बऱ्याचदा कमी होतो.

उपचार संपून काही महिन्यांनी, क्वचित दोन-तीन वर्षांनीही, ओटीपोटाला शेक घेतलेल्यांना शौचाबरोबर रक्त दिसू शकते. घरात लगेच दोन तर्क निघतात. एक म्हणजे रोग उलटला, दुसरा म्हणजे मूळव्याध. पहिल्याने माणूस हाय खातो, दुसऱ्याने गावातल्या मूळव्याधवाल्याकडे जाऊन क्षार लावून घेतो, आणि शेकाने नाजूक झालेल्या जागी जखम होऊन बसते, ती लवकर भरत नाही. पुष्कळदा हे रक्त शेकानेच झालेल्या दाहाचे असते आणि त्याला इलाज आहे. शेक घेतल्याचे कागद जपून ठेवावेत, आणि रक्त दिसले तर ते कागद घेऊन जेथे शेक घेतला त्याच दवाखान्यात आधी दाखवावे.