मैदान आणि तारपा: पाड्याच्या आरोग्याचा एक पाठ

वाचनासाठी शास्त्रभाग: जखऱ्या ८:४-५, लूक १५:२५-३२, निर्गम ३१:१-५




गेल्या अंकात आपण पिण्याच्या पाण्याविषयी अभ्यास केला. या वेळचा विषय काहींना हलका वाटेल. पाड्यावर कुपोषण आहे, दारू आहे, दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघणारी कुटुंबे आहेत. अशा ठिकाणी खेळ आणि नाचगाणे कशाला, असे मलाही अनेक वर्षे वाटत होते. ती समजूत कशी चुकीची ठरली, ते सांगूनच पाठाला सुरुवात करते.

बंद फाटक

थिऑलॉजीचा डिप्लोमा पूर्ण करून मी जव्हार-मोखाडा भागात कामाला आले, तेव्हा पंचविशीत होते. आमच्या वसतिगृहात वारली, कोकणा आणि कातकरी मुले होती. पहिल्याच वर्षी, भात कापणीच्या दिवसांत, एका रात्री समोरच्या पाड्यावरून तारप्याचा आवाज आला. मुले चुळबुळ करू लागली. मी फाटकाला कुलूप लावले आणि सगळ्यांना पुस्तके उघडायला लावली. आपण मुलांना वाचवत आहोत, असे मला मनापासून वाटत होते.

सकाळी एका मुलीची आजी आली. रागावली नव्हती. म्हणाली, "बाई, तू पोरांना वाचायला शिकवतेस, ते चांगलंच आहे. पण पोर आमच्यात नाचली नाही, तर ती आमची कशी राहील?" मी काहीतरी उत्तर दिले, ते मलाच पटले नाही.

पुढे कितीतरी दिवसांनी मी लूकचा पंधरावा अध्याय शिकवत होते. थोरला भाऊ शेतातून येतो, घरातून वाद्यांचा व नाचाचा आवाज ऐकतो आणि आत जात नाही. बाप बाहेर येऊन त्याची विनवणी करतो. हा दाखला मी अनेकदा सांगितला होता; त्यात मी कुठे उभी आहे, हे त्या दिवशी कळले. आजी मला आत बोलवायला आली होती आणि मी फाटकाशी उभी होते.

शास्त्रातील चित्र

जखऱ्या संदेष्टा बंदिवासातून परतलेल्या लोकांशी बोलतो. मंदिराचे काम चालू आहे, लोक गरीब आहेत. पुन्हा वसलेले यरुशलेम कसे असेल हे सांगताना तो दोन गोष्टी दाखवतो: काठी टेकीत चौकात बसलेले म्हातारे-म्हाताऱ्या आणि त्याच चौकात खेळणारी मुले-मुली.

माणसे म्हातारी होतात याचा अर्थ अकाली मरण थांबले. मुले खेळतात याचा अर्थ त्यांच्या पोटात अन्न आहे, मनात भीती नाही आणि त्यांच्या हातात मोठ्यांचे काम नाही. वीटभट्टीवरचे मूल खेळत नाही. ते सुकायला ठेवलेल्या विटा उलटत असते. म्हणून गावाचे आरोग्य पाहायचे असेल, तर दवाखान्याच्या नोंदवहीबरोबर संध्याकाळी मैदानही पाहावे.

निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेल भेटतो. देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले ते कारागिरीसाठी: सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांत सुंदर काम करण्यासाठी. हाताची कला हेही देवाचे दान आहे, हे आपण विसरतो.

खेळ काय देतो?

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटे अंग मोडून हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपली मुले डोंगर चढतात, पाणी वाहतात. त्यांना व्यायामाची काय गरज, असा प्रश्न येतो. पण ओझे वाहणे आणि खेळणे यांत फरक आहे. ओझ्याखाली मूल एकटे असते, खेळात ते कोणाच्या तरी संघातले असते.

आमच्याकडे खो-खो रुजला, कारण त्याला दोन खांब आणि सपाट जागा पुरते. या खेळाची रचना नीट पाहा. आठजण एका रांगेत, आळीपाळीने उलट दिशांना तोंड करून बसतात. नववा पाठलाग करतो. त्याला मध्येच मागे वळता येत नाही, दोन गड्यांमधून पलीकडेही जाता येत नाही. पळणारा पलीकडे गेला, की तिकडे तोंड करून बसलेल्याला खो देऊन आपण त्याच्या जागी बसायचे. कितीही वेगवान गडी असला, तरी उठण्याइतकेच बसणेही त्याला शिकावे लागते. मंडळीत आणि बचत गटात भांडणे होतात, ती पुष्कळदा वेळेवर खो न दिल्यामुळेच!

मुलींच्या संघाने आणखी एक गोष्ट केली. एका वर्षी दिवाळीनंतर दोन मुली आईवडिलांबरोबर भट्टीवर निघाल्या होत्या. बाकीच्या मुली त्यांच्या घरी गेल्या आणि संघ अपुरा पडेल असे सांगून बसून राहिल्या. शिक्षणाचे महत्त्व मी त्या घरांत कितीदा सांगितले होते. उपयोग झाला तो मैत्रिणींच्या हट्टाचा. दोघी आजीपाशी राहिल्या आणि त्यांची शाळाही टिकली.

मोठी उदाहरणेही आहेत. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले, त्या संघाचे कर्णधार जयपालसिंह मुंडा हे छोटानागपूरचे आदिवासी, रांचीच्या मिशन शाळेचे विद्यार्थी. पुढे संविधान सभेत ते आदिवासींच्या हक्कांसाठी उभे राहिले. आपल्या शेजारच्या हरसूल भागातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. पण प्रत्येक पाड्यावर पदक येणार नाही, आणि ते आपले ध्येयही नको. कोपऱ्यात बसणारी मुलगी रांगेत येऊन बसली, हे आपले पदक.

कला काय देते?

तारपा हा वाळलेला भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण यांचा बनतो. वाजवणारा मध्ये आणि एकमेकांना धरून नाचणारे त्याच्याभोवती. त्या साखळीत म्हातारे, तरुण, सुना, मुली सगळ्यांना जागा असते. शहरात एकटेपणावर उपाय म्हणून गट तयार करावे लागतात. पाड्याकडे तो उपाय आधीपासून आहे.

वारली चित्रांचेही तसेच. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिण्याचा मान परंपरेने स्त्रियांचा. पुढे डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे जगापुढे नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज या कलेतून काही घरांना रोजगार मिळतो. तरीही आमच्या वसतिगृहातली एक अबोल मुलगी आई वारल्यानंतर पहिल्यांदा 'बोलली' ती भिंतीवर. तिने भाताचे शेत काढले आणि लावणी करणाऱ्या बायकांत एक जागा मोकळी ठेवली. त्या चित्राला बाजारात किंमत आली नसती, पण त्या रात्री ती जेवली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांविषयीच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. आजार टाळणे, मानसिक आधार मिळणे आणि उपचारांना साथ देणे, या सर्वांत कलेचा उपयोग होतो, असे त्यात दिसते.

"पण यात इतर देवतांचे पूजन येते ना?" असे विश्वासी बांधव विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. पूजेत भाग घ्यावा की नाही, हे प्रत्येक कुटुंबाने विवेकाने ठरवावे. पण वाद्य, ताल आणि रेषा यांचा तिरस्कार करू नये. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन या आपल्या मातीच्या रीतींतूनच ख्रिस्ताची गाणी गायली. मराठी मंडळीला त्याने बळच मिळाले.

एक सावधगिरी

येथे माझी दुसरी चूक सांगितली पाहिजे. संघ उभा राहिल्यावर मला उत्साह चढला. सकाळच्या धावण्यात एक मुलगा पाय दुखतात म्हणून थांबला. मला तो आळस वाटला. मी त्याला आणखी एक फेरी मारायला लावली. रात्री तो वेदनेने किंचाळत होता. जीप मिळवून दवाखाना गाठला. रक्ततपासणीत सिकलसेल निघाला. मुलगा बरा होऊन परतला, पण त्या रात्रीचा त्याचा आवाज मी विसरलेले नाही.

सिकलसेल आदिवासी भागांत बऱ्याच प्रमाणात आढळतो. अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे आणि थंडी यांमुळे वेदना उसळू शकतात. २०२३ पासून केंद्र शासनाची सिकलसेल निर्मूलन मोहीम चालू आहे. तिच्यात तपासणी होते. म्हणून खेळ सुरू करण्याआधी मुलांची तपासणी करून घ्या. आजार असलेल्या मुलाला मैदानाबाहेर काढू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने, विश्रांती आणि भरपूर पाणी देऊन त्याला झेपेल तेवढे खेळू द्या. उपाशी मुलाला पळवू नका. आधी खाऊ, मग खो. आणि मूल दुखते म्हणाले, तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या पाड्यावर मुले संध्याकाळी कुठे असतात? मुलींना खेळायला वेळ कोणते काम वाटून घेतल्याने मिळेल?
२. तारपा वाजवणारे किंवा चौक लिहिणारे कोण उरले आहे? त्यांच्याकडून कोण शिकत आहे?
३. लूक १५ मधील थोरल्या भावासारखे आपण कोणत्या दाराबाहेर उभे आहोत?

प्रार्थना: हे प्रभू, आमच्या पाड्यांवर म्हाताऱ्यांना दीर्घ आयुष्य आणि मुलांना खेळायला अंगण दे. जिथे आम्ही कुलपे लावली, तिथली ती काढण्याची नम्रता आम्हांला दे. आमेन.

जाता जाता: ती आजी आता नाही. तिची नात आमच्याच वसतिगृहात लहान मुलींना खो-खो शिकवते. कापणीच्या दिवसांत तारप्याचा आवाज आला, की फाटक उघडायला तीच जाते. मीही तिच्या मागून जाते. नाचता मला अजून नीट येत नाही.