ड्रोन कोणाचं ऐकतो?

चि. ओंकार,


नव्या रिमोटमध्ये ‘फ्रीक्वेन्सी हॉपिंग’ आहे, म्हणून कोणी ड्रोन पळवू शकणार नाही, असं तू कळवलंस. त्यातलं निम्मंच खरं आहे.

व्हिएन्नात जन्मलेली अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथेल यांना ११ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेत एक पेटंट मिळालं. पाणतीराला रेडिओवरून दिशा देताना शत्रूने सिग्नल जॅम करू नये, म्हणून दोन्ही टोकांनी ठरलेल्या क्रमाने फ्रीक्वेन्सी बदलत राहायचं. हा क्रम स्वयंचलित पियानोसारख्या कागदी पट्टीवरच्या भोकांत साठवलेला; फ्रीक्वेन्सी ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच. सगळी भिस्त तो क्रम शत्रूला न कळण्यावर होती.

जॅमिंग चुकवण्याची दुसरी रीत म्हणजे डायरेक्ट सीक्वेन्स. तिथे प्रत्येक बिट लांब कोडमध्ये गुंफून रुंद पट्ट्यात पसरतात. तोच कोड असलेला रिसीव्हर सिग्नल पुन्हा गोळा करतो, आणि एका फ्रीक्वेन्सीवरचा गोंगाट उलट पसरून फिका पडतो. स्पेक्ट्रम कंपनीच्या डीएसएमएक्स या रिमोट-प्रणालीत या दोन्ही युक्त्या आहेत.

तरीही २०१६ साली टोकियोच्या पॅकसेक परिषदेत जोनाथन अँडरसन यांनी ‘इकारस’ हे यंत्र दाखवलं. ते डीएसएमएक्सचं गुपित हवेतल्या सिग्नलवरून शोधून काढायचं आणि खऱ्या रिमोटच्या किंचित आधी स्वतःचा हुकूम पाठवायचं. रिसीव्हर तो मानायचा. खरा मालक हात चोळत बसायचा! फ्रीक्वेन्सीच्या उड्या आणि सिग्नलचं पसरणं यांनी गर्दीतून वाट काढता येते, साधं जॅमिंगही पचतं. हुकूम देणारा खरा कोण, हे मात्र त्यांना विचारता येत नाही.

एक्सप्रेसएलआरएस या दुसऱ्या रिमोट-प्रणालीतली बाइंडिंग फ्रेजही पासवर्ड नव्हे. शेजारच्या रिमोटशी गल्लत होऊ नये एवढ्यासाठीच ती असते, हे तिचे निर्मातेच सांगतात.

म्हणून कॉलेजच्या प्रकल्पात हॉपिंग ठेवच, पण हुकुमांना डिजिटल सहीही जोड. ग्राउंड स्टेशनच्या लिंकसाठी मॅव्हलिंक २ या संदेश-प्रोटोकॉलमध्ये ती सोय तयार आहे: ४८ बिटांची सही आणि सोबत वेळेची नोंद. त्यामुळे कोणी जुना हुकूम रेकॉर्ड करून पुन्हा पाठवला, तर ड्रोन तो नाकारतो. गुप्त किल्ली मात्र प्रत्येक ड्रोनला वेगळी दे, आणि प्रकल्पाचा कोड इतरांना देताना ती त्यात राहू देऊ नकोस.

जोरदार जॅमरपुढे सहीचाही इलाज नाही. तिथे फेलसेफ हवा, म्हणजे सिग्नल तुटल्यावर ड्रोनने काय करायचं ते आधीच ठरवलेलं. पहिल्या उड्डाणाआधी पंखे काढ, मोटर सुरू कर, रिमोट बंद कर आणि ड्रोन काय करतो ते बघ. मोटर तशाच फिरत राहिल्या, तर त्या दिवशी उडवू नकोस.

तुझा,
काका