चालण्याकडून धावण्याकडे : भरतीच्या उमेदवारांसाठी सरावाचा क्रम

पोलीस किंवा सैन्य भरतीचे वेध लागले की राज्यातील खेडोपाडीचे रस्ते पहाटे चार वाजल्यापासून जागे होतात. डोक्याला रुमाल बांधलेले तरुण, ओढणी कमरेला खोवलेल्या मुली आणि मागून दुचाकीवरून वेळ मोजणारा एखादा मित्र, हे दृश्य आता नवीन राहिलेले नाही. पोलीस शिपाईपदाच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १,६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. अंतर फार नाही. परंतु ते ठराविक वेळेत कापावयाचे असते आणि तयारीसाठी बहुधा थोडेच आठवडे हाती असतात. कालपर्यंत शेतावर किंवा महाविद्यालयात चालत जाणारा मुलगा आज एकदम धावू लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी धरून बसतो. गरीब घरातील उमेदवाराच्या दृष्टीने अशी दुखापत म्हणजे हाती आलेली संधी गमावणे होय.

हे का घडते, हे शिक्षकांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे; कारण या मुलांना बहुधा दुसरा मार्गदर्शक नसतो.

दम आधी येतो, हाड मागून

चालताना एक पाऊल सदैव जमिनीवर असते. धावताना प्रत्येक पावलागणिक क्षणभर दोन्ही पाय जमिनीपासून सुटतात आणि शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट भार एका पायावर येऊन आदळतो. हा भार सोसण्याची तयारी शरीराचे सर्व भाग सारख्या वेगाने करीत नाहीत. हृदय व फुप्फुसे लवकर सरावतात. दोन-तीन आठवड्यांतच दम कमी लागू लागतो. स्नायूही फार मागे राहत नाहीत. स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे आणि खुद्द हाडे मात्र संथपणे बदलतात. हाडावर नवा ताण पडला की तेथील जुना भाग प्रथम काढला जातो व मग नवा भरला जातो. काढण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, भरण्यास महिने लागतात. भिंतीची डागडुजी करताना गवंडी आधी सैल चिरे काढतो. त्या अवस्थेत भिंतीवर छप्पर चढवू नये, इतके कोणीही सांगेल. उमेदवार नेमके तेच करतो. दम वाढला म्हणून तो अंतर दुप्पट करतो आणि हाडाला बारीक चीर पडते.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राला जुनीच ठाऊक आहे. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या डॉक्टराने लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन १८५५ मध्ये केले होते. क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर, १८९७ मध्ये, ती सूज हाडाच्या भेगेमुळे येते असे दिसून आले. ते सैनिक तर धावतही नव्हते. चालणेच एकाएकी वाढले होते.

सरावाचा क्रम

न्यूझीलंडमधील प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांनी १९६० नंतरच्या काळात ऑलिंपिक विजेते घडविले, तसेच मध्यमवयीन माणसांना व हृदयविकारातून उठलेल्यांनाही हळूहळू धावावयास शिकविले. संथ गतीने पाया घालावा व वेग शेवटी आणावा, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र भरतीच्या उमेदवारालाही तितकेच लागू पडते.

प्रथम किमान महिनाभर, आठवड्यातून पाच दिवस, ३० ते ४० मिनिटे झपाझप चालावे. ज्याची शेतावरची पायपीट रोजचीच आहे त्याला ही पायरी गाळता येईल. त्यानंतर दिवसाआड, आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटे चालून झाल्यावर एक मिनिट संथ धावणे व दोन मिनिटे चालणे असे आठ वेळा करावे. शेवटी पुन्हा पाच-दहा मिनिटे चालावे. हे सहज जमू लागले की दोन मिनिटे धावणे व दोन मिनिटे चालणे, पुढे तीन मिनिटे, मग पाच मिनिटे, असा धावण्याचा हिस्सा वाढवीत न्यावा. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करावा. त्यात कमीपणा नाही. साधारण आठ ते दहा आठवड्यांत सलग वीस मिनिटे धावता येते, आणि तेवढ्यात १,६०० मीटरहून अधिक अंतर सहज कापले जाते. वेगाची तालीम त्यानंतरची. आठवड्यातून एकदाच २०० किंवा ४०० मीटर जरा जोरात धावावे आणि मध्ये चालून दम घ्यावा. म्हणजे एकंदर तयारी तीन महिन्यांची झाली. जाहिरात निघाल्यावर सरावाला लागणे हे मृग लागल्यावर नांगर शोधण्यासारखे आहे.

संथ म्हणजे किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतके. तरुणांच्या टोळीत सर्वांत वेगवान मुलगा सर्वांचा वेग ठरवितो आणि मागचे फरफटत जातात. शिक्षकाने बरोबरीच्या मुलांच्या जोड्या लावून दिल्या तरी पुष्कळ दुखापती टळतील. पाऊल शरीराच्या फार पुढे न टाकता लहान पावले टाकावीत. उतरत्या कडेच्या डांबरी रस्त्यापेक्षा मैदानाची सपाट माती बरी, आणि तेथे अंधारात वाहनांचे भयही नसते.

धावल्यावर दोन्ही पायांचे स्नायू एक-दोन दिवस दुखणे स्वाभाविक आहे. मात्र नडगीवर किंवा पावलावर एका बोटाने दाबता येईल अशा ठिकाणी दुखत असेल, दुखणे दिवसेंदिवस वाढत असेल किंवा रात्रीही राहत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावण्याची प्रथा अनेक ठिकाणी रुळली आहे. ती घातक आहे. गोळीने चीर सांधत नाही, फक्त तिची सूचना मिळेनाशी होते.

ऊन, रक्त आणि वय

जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीच्या वेळी धावण्याच्या चाचणीनंतर काही उमेदवारांचा मृत्यू झाला. त्या वेळी पुरुषांसाठी अंतर ५ किलोमीटर होते. पुढे ते कमी करण्यात आले. दमट उष्म्यात घाम वाळत नाही आणि शरीराचे तापमान झपाट्याने चढते. उन्हाची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर सराव पहाटेच व बेताचा ठेवावा. धावणारा अडखळू लागला किंवा असंबद्ध बोलू लागला तर त्याला तत्काळ सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, अमरावती या जिल्ह्यांत सिकलसेलचे वाहक बऱ्याच संख्येने आढळतात. वाहकाला एरवी काही त्रास नसतो. परंतु सवय नसताना केलेल्या जीवतोड धावण्याने त्याच्या जिवावर बेतू शकते. आधी रक्ताची तपासणी करून घ्यावी. वाहक ठरलेल्या मुलाला धावण्यास मनाई नाही. त्याच्यासाठी सावकाश वाढ, पाणी व विश्रांती यांत सूट नाही, इतकेच. मुलींच्या बाबतीत रक्तक्षयाकडेही लक्ष हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत तो आढळला. दम वाढतच नाही अशी तक्रार करणाऱ्या मुलीला आळशी म्हणण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन पाहावे.

चाळिशी ओलांडलेले कर्मचारी व शिक्षक यांनाही हाच क्रम चालेल, मात्र रक्तदाब व साखर तपासून आणि अधिक सावकाश. छातीत दडपण किंवा भोवळ येत असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय धावू नये. तसे पाहता प्रकृतीसाठी धावलेच पाहिजे असे नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे झपाझप चालणे जागतिक आरोग्य संघटनेने पुरेसे मानले आहे.

मैदानाची आखणी

अंतर अंदाजाने मोजल्यामुळेही सराव फसतो. शाळेचे किंवा गायरानातील सपाट मैदान असेल तर मध्यभागी खुंटी ठोकावी, तिला ३१ मीटर ८३ सेंटिमीटर लांबीची दोरी बांधून ती ताणून फिरवावी व फक्कीने वर्तुळ आखावे. त्याचा परीघ २०० मीटर भरतो. चार फेऱ्यांत मुलींचे ८०० मीटर व आठ फेऱ्यांत मुलांचे १,६०० मीटर पुरे होतात. फेऱ्यांची दिशा दिवसाआड बदलावी, म्हणजे वळणाचा ताण एकाच पायावर पडत नाही. ग्रामपंचायतीने तेथे एक दिवा लावला व पिण्याच्या पाण्याची सोय केली तर पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी मुले आपोआप मैदानात येतील.