भरतीची धाव आणि जिवाची काळजी

पोलीस भरती निघाली की वस्तीतली पोरं-पोरी पहाटेच उठून धावायला लागतात. मैदान नसेल तर बिलोली-नरसी रस्ता, तोही नसेल तर गावाबाहेरचा माळ. घरात एक वर्दी आली तर अख्खं घर वर येतं, म्हणून आईवडील पोटाला चिमटा घेऊन अकॅडमीची फी भरतात. ही धडपड योग्यच आहे. पण धावताना जीवही जाऊ शकतो, आणि तो कसा वाचवायचा हे प्रत्येक घराला माहीत हवं.

काय घडलं आहे

जून २०१४ मध्ये मुंबई पोलीस भरतीत ५ किलोमीटरच्या धावेत उमेदवार कोसळले आणि त्यातले काही दगावले. त्यानंतर सरकारने पुरुषांची धाव ३ किलोमीटरवर आणली. आज शिपाई पदासाठी पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावं लागतं. राज्य राखीव पोलीस दलासाठी मात्र ५ किलोमीटर आहे. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडच्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत १० किलोमीटरची धाव होती. तिथे दहाहून अधिक तरुणांचा मृत्यू झाला. पुढे तिथलंही अंतर कमी करण्यात आलं.

शरीरात काय होतं

धावताना स्नायू उष्णता तयार करतात. घाम वाळतो तेव्हा अंग थंड होतं. मुंबईच्या दमट हवेत घाम निथळतो, पण वाळत नाही. आपली पोरं मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाला सरावलेली असतात. तिथे त्यांचा अंदाज चुकतो. नव्या हवेची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. त्यात रात्रभर रेल्वेचा प्रवास, फलाटावर झोप आणि उपाशी पोट. अंगातलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की मेंदू, मूत्रपिंड, यकृत यांना इजा होते. हाच उष्माघात.

सिकलसेलची तपासणी

विदर्भात आदिवासींबरोबर बौद्ध समाजातही सिकलसेल आढळतो. आपल्या जिल्ह्यातला किनवट-माहूर भाग त्या पट्ट्याला लागून आहे आणि सोयरिकीही तिकडे होतात. ज्याला आईकडून किंवा वडिलांकडून, एकाच बाजूने हा दोष आला, तो वाहक. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. तो धावू शकतो, नोकरी करू शकतो. पण सराव नसताना जीव तोडून धावल्यास त्याचे स्नायू गंभीरपणे तुटण्याचा धोका थोडा जास्त असतो. अमेरिकेच्या सैन्यातल्या कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पाणी, विश्रांती, हळूहळू वाढवलेला सराव असे नियम तिथे सगळ्यांनाच लागू होते. अशा ठिकाणी वाहकांचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त आढळले नाहीत. स्नायू तुटण्याचा धोका मात्र जास्त दिसला. म्हणून भरतीच्या तयारीआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात रक्ताच्या तपासणीबद्दल विचारा. मुलींनी हिमोग्लोबिनही बघावं. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, किंवा धावताना छातीत दुखत असेल, घेरी येत असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय धावू नये.

सरावाचे नियम

१. अंतर आणि वेग आठवड्या-आठवड्याने वाढवा. पहिल्याच दिवशी घड्याळ लावून धावू नका.

२. ताप, जुलाब किंवा उलटी झाली असेल तर त्या दिवशी धाव नाही.

३. तहान लागेल तसं पाणी प्या. धावण्याआधी तांब्यावर तांब्या रिचवू नका. अति पाण्याने रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही घातक असतं.

४. धावण्यापूर्वी दुखणं मारणारी गोळी किंवा इंजेक्शन नको. अंगात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडाला मारक ठरतात.

५. ताकदीची म्हणून कुणी दिलेली पुडी, गोळी, सुई घेऊ नका. त्यात काय आहे हे देणाराही सांगत नाही. शिवाय औषधाच्या जोरावर मिळवलेला गुण हा प्रामाणिकपणे धावणाऱ्या दुसऱ्या गरिबाचा हिसकावलेला गुण असतो.

कुणी कोसळलं तर

बरळणं, तोल जाणं, अंग चटका बसेल इतकं तापणं ही उष्माघाताची खूण. ताबडतोब १०८ ला फोन करा. गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत घ्या, बूट-शर्ट काढा, अंगभर गार पाणी ओता, वारा घाला. बर्फ मिळाला तर काखेत आणि मानेला लावा. आधी थंड करणं, मग हलवणं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर दाबत राहा. पाय-कंबर असह्य दुखून कुणी बसला किंवा लघवी काळपट झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

जबाबदारी कुणाची?

पोरगं कोसळलं की लोक म्हणतात, त्याची तयारी कमी होती. हे अर्धंच खरं आहे. भरती वर्षा-वर्षांनी निघते, वय निघून जातं, म्हणून आजारी असूनही पोरगं मैदानात उतरतं. धाव सकाळी लवकर घेणं, सावली, पाणी, डॉक्टर, रुग्णवाहिका आणि रात्री मुक्कामाची सोय हे उपकार नव्हेत. धावायला बोलावणाऱ्याचं ते कर्तव्य आहे. वस्तीतल्या मंडळाने भरतीआधी तसं लेखी निवेदन द्यावं.

घरच्यांनीही एक लक्षात ठेवावं. सोण नावाचा भिक्खू चालून चालून पायातून रक्त येईपर्यंत साधना करत होता. तथागतांनी त्याला वीणेच्या तारेची आठवण दिली: सैल तार वाजत नाही आणि फार ताणलेलीही वाजत नाही. प्रयत्न सोडायला त्यांनी सांगितलं नाही, बेताने करायला सांगितलं.

आज घरात विचारा

• आपल्या धावणाऱ्या मुला-मुलीची रक्ततपासणी झाली आहे का?

• सरावाला ते एकटे जातात की सोबत कुणी असतं?

• "आज बरं वाटत नाही, थांबतो," असं ते आपल्याला न घाबरता सांगू शकतात का?