गुलाबी बोंडअळीचा पतंग : रूप आणि विस्तार

कपाशीच्या गावात जन्मूनही हा पतंग मी कालपरवापर्यंत ओळखत नव्हतो. अळी मात्र ओळखत होतो. २०१७ साली मी सहावीत होतो. वरून धडधाकट दिसणारी बोंडे फोडली, तर आत कवडी निघाली. विदर्भात त्या वर्षी घरोघरी हीच गत होती. आपल्याला बुडवणारा जीव दिसतो तरी कसा, या कुतूहलातून प्रस्तुत लेख लिहीत आहे.

गेल्या हंगामात बाबांनी लावलेल्या कामगंध सापळ्यात तो प्रथम न्याहाळला. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. रंग करडा-तपकिरी, पुढच्या पंखांवर काळपट ठिपके व पट्टे. मागचे पंख रुपेरी, कडेला केसांची झालर. दिवसा तो मातीच्या भेगांत, पालापाचोळ्यात दडतो व रात्री उडतो. म्हणूनच शेतकऱ्याच्या नजरेस पडत नाही. अळी आधी पांढरी असते, वाढल्यावर गुलाबी होते. ती फुलाच्या पाकळ्या धाग्याने बांधते, तीच आपली डोमकळी. बोंडात शिरल्यावर छिद्र बुजते आणि नुकसान झाकले जाते.

आता विस्तार. १८४२ मध्ये भडोच येथे कापसाची नासाडी करताना हा कीटक आढळला. १८४३ मध्ये सॉन्डर्स यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. अळी सरकीत सुप्तावस्थेत राहते, कधी दोन सरक्या जोडून त्यांत दडते. त्यामुळे सरकीबरोबर ती देशोदेशी गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्त, तेथून १९११ च्या सुमारास मेक्सिको आणि १९१७ मध्ये टेक्सास. म्हणजे एवढ्याशा पतंगाला समुद्रापार नेले ते माणसाच्या व्यापाराने!

अमेरिकेने बीटी कपाशी, वंध्य पतंग व सापळे यांच्या एकत्रित वापराने २०१८ मध्ये त्याचे उच्चाटन जाहीर केले. आपल्याकडे बीटी २००२ मध्ये आली, परंतु अळीने तिला दाद देणे सोडले. लांबलेला हंगाम व फरदड यांमुळे तिला सतत अन्न मिळत राहिले.

आमच्या घरी फरदडीचा वेचा म्हणजे शाळेची फी. त्यावरच मी येथवर आलो. यंदा मात्र मीच म्हणालो, "बाबा, डिसेंबरात पऱ्हाटी उपटू." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अन् तुही फी?" याचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. पऱ्हाटी मात्र आम्ही उपटली.