गोकर्णाचं सरबत आणि बारा छोटे जादूगार

चार ते सात वर्षांच्या मुलांचा जादूचा वाढदिवस करायचा, तर आधी एक गोष्ट ठरवून टाका: जादू बघणं कमी, करणं जास्त. या वयाच्या मुलांना पाऊण तास मांडी घालून बसवता येत नाही. एकाला शू लागते आणि त्याच्यामागे अख्खी रांग उठते. म्हणून जादूगार बोलावलात तरी त्याला वीस-पंचवीस मिनिटंच द्या. उरलेल्या वेळात जादूगार व्हायचं ते मुलांनीच.

जागेची फार काळजी करू नका. नाशकात गंगापूर रोडवरच्या बऱ्याच सोसायट्यांत क्लब हाऊस असतं. नसलं तर पार्किंगचा एक कोपरा, दोन सतरंज्या आणि दोन घडीची टेबलं एवढ्यावर भागतं. रविवारी संध्याकाळी सोमेश्वर आणि गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांत पाहुणे अडकतात, त्यापेक्षा शनिवार बरा. वेळ पाच ते सात. मुलं बारापर्यंत आणि दर चार मुलांमागे एक मोठं माणूस. आत्या, मामा, वरच्या मजल्यावरची कॉलेजातली ताई, कोणीही चालेल. फक्त त्या माणसाला मोबाइल खिशात ठेवता यायला हवा.

आठवडाभर आधी आमंत्रणं करा. ड्रॉइंग पेपरचे पोस्टकार्डाएवढे तुकडे कापा आणि खोक्यात कायम नवा कोरा उरणारा तो पांढरा मेणखडू बाहेर काढा. कार्डावर जोर देऊन ‘जादूगार, ये!’ असं लिहा. कार्ड कोरंच दिसतं. मुलानं त्यावर पातळ निळा जलरंग फिरवला की मेणावर पाणी धरत नाही आणि अक्षरं पांढरी उमटतात. वेळ आणि पत्ता मागच्या बाजूला साध्या पेनानं लिहा, ‘आकाशवाणी टॉवरच्या पुढे’, ‘जेहान सर्कलच्या अलीकडे’ अशी आपली नेहमीची खूण देऊन. आईबाबांना व्हॉट्सॲप वेगळा कराच. रंगवलेलं कार्ड दप्तराच्या तळाशी जातं आणि मग शनिवारी फोन सुरू होतात.

जादूगाराचा झगा जुन्या काळ्या सुती ओढणीचा किंवा साडीचा करा. गळ्याला नाडी बांधू नका. खांद्यावर वेल्क्रोची पट्टी शिवा, म्हणजे झगा कुठे अडकला तर ओढताच सुटेल. बाजारातले चकचकीत नायलॉनचे झगे दिसतात छान, पण निरांजन आणि मेणबत्ती जवळ असताना मला ते नको वाटतात.

मुलं एकदम येत नाहीत, पाच ते साडेपाच अशी टपकत राहतात. त्या वेळात छडी करायची. वर्तमानपत्राची तिरकी घट्ट गुंडाळी, वर काळा घोटीव कागद, दोन्ही टोकांना पांढऱ्या कागदाची पट्टी. छडी झाली की प्रत्येकानं आपला मंत्र ठरवायचा. ‘आबरा का डाबरा’ सगळ्यांनाच येतं, त्याला बंदी. मग ‘भेंडीची भाजी छू’ असले मंत्र निघतात आणि ते फार प्रभावी असतात.

सगळे जमले की सरबत. माझ्या मते सगळ्या कार्यक्रमात हीच जादू सर्वांत देखणी. गोकर्णाचा निळ्या फुलांचा वेल नाशकात कितीतरी कुंपणांवर असतो. बारा मुलांसाठी ताजी २५-३० फुलं लागतात. घरची किंवा शेजारची, औषध न फवारलेली घ्या. हाराच्या दुकानातली नकोत.

१. फुलं धुऊन त्यांचा हिरवा देठ काढा.
२. लिटरभर पाणी उकळून गॅस बंद करा, फुलं टाका, दहा मिनिटं झाकून ठेवा.
३. गाळून त्यात सहा-सात चमचे साखर विरघळवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. रंग शाईसारखा निळा यायला हवा. फिका वाटला तर आणखी फुलं लागतील. आदल्या दिवशी थोडंसं करून बघा.
४. काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेल्यात अर्धा पेला ओता. प्रत्येकापुढे छोट्या वाटीत चमचाभर लिंबाचा रस ठेवा.

मग दिवे तसेच ठेवा, अंधार करू नका. रंगाला उजेड लागतो. मंत्र म्हणायचा, लिंबू ओतायचं, छडीनं नव्हे, चमच्यानं ढवळायचं. निळं सरबत जांभळं होतं, लिंबू जास्त पडलं तर गुलाबीकडे झुकतं. या फुलांचा रंग आंबटाशी गाठ पडली की बदलतो, एवढंच कारण. एकच पथ्य: स्वयंपाकघरातल्या कोणी कामसू आजीनं ‘सरबतात लिंबू राहिलं वाटतं’ म्हणून ते आधीच पिळू नये. भांड्यावर चिठ्ठी लावून ठेवा.

दुसरी जादू हळदीची. चमचाभर हळद पाव वाटी पाण्यात कालवून आदल्या दिवशी ड्रॉइंग पेपरवर ब्रशनं फासा आणि वाळवा. कपड्याच्या वडीच्या साबणाचं दाट पाणी वाटीत द्या. मुलानं पिवळ्या कागदावर त्या पाण्यानं आपलं नाव लिहिलं की अक्षरं लालभडक. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळं. हळदीपासून कुंकू करतात तेही असंच, चुन्यामुळे. पण चुना डोळ्यात गेला तर फार वाईट, तेव्हा मुलांच्या हाती साबणच बरा. याची युक्ती तिथल्या तिथे सांगून टाका. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बुवांचे चमत्कार करून दाखवतात आणि लगेच त्यातली मेख सांगतात. मुलांना ही मेख कळली की ती घरी जाऊन आजोबांना गंडवतात, आणि त्यांची निम्मी मजा त्यात असते.

वेळ उरलाच तर ताटलीत पाणी घ्या, वर मिरपूड भुरभुरा आणि बोटाला भांड्यांच्या लिक्विड साबणाचा थेंब लावून मधोमध टेकवा. मिरपूड कडेला पळते. एका पाण्यात हे एकदाच होतं, त्यामुळे दर वेळी ताटली धुऊन नवं पाणी. नंतर हात धुतल्याशिवाय डोळे चोळायचे नाहीत.

आता जादूगार. जादूचे प्रयोग म्हटले की आपल्याकडे पुण्याचे जादूगार रघुवीर आठवतात. त्यांच्यानंतर विजय रघुवीर आणि मग जितेंद्र रघुवीर, असं तीन पिढ्या ते घर जादूत आहे. घरगुती वाढदिवसाला तेवढा थाट लागत नाही. ज्याला बोलवाल त्याला तीन गोष्टी आधी सांगा. ब्लेड गिळणं, मान कापणं असले प्रयोग नकोत. मुलं करून बघतात. ससा, कबूतर नको. प्राण्यांचे खेळ करायला २००१ च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते, आणि बारा मुलांच्या आरड्याओरड्यात त्या सशाचे हालच. तिसरं, ज्याचा वाढदिवस आहे त्याला एकदम पुढे ओढायचं नाही, आधी विचारायचं. जादूगाराच्या पाठीशी भिंत हवी आणि मुलं समोर, बाजूला कोणी नको. बाजूनं बसलेल्या पोराला सगळं दिसतं आणि ते गप्प बसत नाही. जादूगाराला त्याच्या युक्त्या मात्र विचारू नका, त्याचं पोट त्यावर आहे.

खेळ संपला की झगे उतरवा आणि मग औक्षण, मग केक. फेसाचा स्प्रे आणू नका, मेणबत्तीजवळ तो पेट घेतो. गॅसच्या फुग्यांत बऱ्याचदा हायड्रोजन असतो, तेही नकोत. खायला छोटे बटाटेवडे, इडली, काकडीचं सँडविच पुरे. द्राक्षांचा हंगाम असेल तर द्राक्षं ठेवा, पण उभी चिरून, चार फोडी करून. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकतं.

जाताना प्रत्येकाला त्याची छडी, हळदीचा एक कोरा कागद आणि साबणाचा तुकडा कागदी पिशवीत द्या. आईबाबांना एवढं सांगून ठेवा: कपड्यावर हळद सांडली असेल तर साबण लावताच डाग लाल होईल, घाबरू नका. धुऊन कडक उन्हात टाका, दोन-तीन उन्हांत तो फिका पडतो.