‘मोफत’ शिक्षण आणि चार प्रत्यय

शाळेत फी नाही म्हणजे शिक्षण मोफत झाले, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. आमच्या मते ती अपुरी आहे. फी न घेणाऱ्या शाळेतही गरिबाच्या मुलाला किंमत मोजावीच लागते. कधी ती वहीची असते, कधी चपलेची, कधी बसभाड्याची. सर्वांत जड किंमत म्हणजे घरातील एका कमावत्या हाताची.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके हेच दुखणे उघड केले होते. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, हा हिशेब त्यांनी सरकारपुढे मांडला. त्यांच्या लेखी दाखल झालेल्या मुलांची संख्या हा शिक्षणाचा पुरावा नव्हता. किती मुले टिकली, हा पुरावा होता. याच जाणिवेतून बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले आणि विद्यार्थ्यांच्या जेवणाचा, कपड्यांचा व लेखनसाहित्याचा भार स्वतः उचलला.

या विचाराची मुळे आपल्या परंपरेत खोल गेलेली आहेत. चीवर, पिंडपात, शयनासन आणि भैषज्य, म्हणजेच वस्त्र, अन्न, निवारा व औषध, हे भिक्षूचे चार प्रत्यय. नालंदेच्या निर्वाहासाठी राजाने सुमारे शंभर गावांचे उत्पन्न तोडून दिले होते आणि त्या गावांतील दोनशे कुटुंबे दररोज तांदूळ, लोणी, दूध पोहोचवीत, असे ह्युएन-त्संगच्या चरित्रात नमूद आहे. चार प्रत्ययांसाठी विद्यार्थ्यांना कोठे याचना करावी लागत नसे आणि तेथील विद्येच्या परिपूर्णतेचे मूळ त्यातच होते, असेही चरित्रकार सांगतो. नालंदेचे ग्रंथभांडार सर्वांना आठवते. हे तांदूळ मात्र क्वचितच कोणाला आठवतात.

आपल्या नगरलाही शिक्षणाचा वारसा आहे. येथील मिस फरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले; पण तेवढ्यावर न थांबता महार-मांगांच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसेही मागितली. सक्ती केली तरी भूक सुटत नाही, हे ते ओळखून होते.

आज २००९ चा शिक्षणहक्क कायदा आहे. खासगी शाळांत २५ टक्के जागा राखीव आहेत. परंतु सावेडीत बंगल्यांच्या कामावर विटा वाहणाऱ्या आईला किंवा नागापूर औद्योगिक वसाहतीत रोजंदारी करणाऱ्या बापाला त्या जागेचा कागद मिळाला, तरी मुलाला रोज नेणार-आणणार कोण? बांधकाम संपले की बिऱ्हाड हलते आणि पटावर नाव तेवढे मागे राहते.

चार प्रत्ययांपैकी सर्वाधिक उपेक्षा भैषज्याची होते. ज्याला फळा दिसत नाही ते मूल ‘ढ’ ठरते आणि मागच्या बाकावर ढकलले जाते. तेथून तर फळा आणखीच पुसट होतो. चष्मा मिळेपर्यंत दोन इयत्ता निघून जातात. तशीच गोष्ट रक्तक्षयाने पेंगणाऱ्या मुलीची. शिक्षक कितीही गुणी असला, तरी या मुलांपर्यंत त्याचा गुण पोहोचत नाही. म्हणूनच गुणवत्तेचा विचार अध्यापनाइतकाच दृष्टितपासणीपासून सुरू व्हावा, असा आमचा आग्रह आहे.

पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड कुटुंबांची अडचण याहून वेगळी. दसरा उलटला की कोयता निघतो आणि कुटुंब पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्यांच्या वाटेला लागते. गावी उरतात ती म्हातारी माणसे. मूल सोबत गेले, तर लहान भावंडाला सांभाळणे, वाढे गोळा करणे हेच त्याचे सहा महिन्यांचे शिक्षण. अशा मुलाला निवासी शाळेत ठेवून घेतले, तरी सुट्टीत त्याने जावे कोठे? त्याचे घर त्या वेळी फडाशेजारच्या कोपीत असते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वसतिगृहाला कुलूप लावीत नाही. स्वयंपाकघरही चालू ठेवतो आणि फराळ मुलांच्या हातूनच करवून घेतो.